रुजवात

सोहारच्या सर्व्हर-खोलीत अठरा अंश.
बाहेर ऑगस्ट, रात्री दोनलाही सदतीस.
मी लोकरीची टोपी घालून बसते.
निज्वाहून हमूद कॅमेऱ्यात हसतो:
"उख्ती, ओमानचा सगळा बर्फ तुझ्याच डोक्यावर पडतो."

काम साधं आहे.
दवाखान्यांतून इथे जे लिहिलं जातं
ते डोंगरापलीकडे निज्वातही लिहिलं जातं,
आणि तिकडून "पोचलं" येईपर्यंत
इथला सर्व्हर कुणालाच "झालं" म्हणत नाही.

वडील कणकवलीला रजिस्ट्रार कचेरीत नकलनवीस होते.
खरेदीखत उतरवून झालं की
दुसरा कारकून मोठ्यानं वाचायचा,
हे बोटानं ओळ धरायचे, आणि तळाशी:
अस्सलबरहुकूम नक्कल. रुजवात घेणार, अमुक. सही.
मी म्हटलं, बाबा, मीही तेच करते.
म्हणाले, मग वाचून कोण दाखवतं?

होता एक, इब्रीत.
टेलिफोन खात्याच्या मागच्या खोलीत लहानसा डबा.
त्याच्याकडे ना रोगी ना औषध,
एक मत तेवढं:
दोघांची गाठ तुटली तर कुणी बोलायचं,
कुणी गप्प बसायचं.
जूनपासून तो धुळीनं तापायचा,
अपरात्री माझा फोन वाजवायचा.
मी त्याचं मत काढून घेतलं. दोन दिवसांसाठी.
आणि या दोघांना सांगून ठेवलं,
दुसरा दिसला नाही तर तूच.
दोन दिवसांचे नऊ आठवडे झाले.

उन्हाळ्यात खोदकाम रात्रीच चालतं.
दोन वाजून सात मिनिटांनी वादीकाठच्या जेसीबीनं
केबल उपटली, मुळ्यासारखी.
दोघांनीही मान वर केली.
दोघेही म्हणाले, मीच अस्सल.
एकेचाळीस मिनिटं.

केबल जुळली तेव्हा ते एकमेकांना ओळखेनात.
भांडले असते तर बरं.
दोघांकडे आपापली रात्र होती,
तारीखवार, बिनचूक.

पुस्तिका सांगते, एकाला बळी ठरवा.
शब्द माझा नाही.
बळीकडचं पुसायचं, दुसऱ्याचं त्यावर उतरवायचं.
सोहारकडे सहाशे बारा नवीन नोंदी,
निज्वाकडे नऊ.
एवढा हिशोब कुणालाही येतो.

मी म्हटलं, हमूद, पुसण्याआधी त्या नऊ वाच.
मोठ्यानं. मी ओळ धरते.
सलाईन बदललं. ताप एकशे एक.
एक्सरे, डावं मनगट.
सातव्या ओळीला तो थांबला.
मरहून बिन खल्फान. खाट चार.
मृत्यू, दोन वाजून एकतीस.

माझ्या पडद्यावर मरहून बिन खल्फान,
वय एक्याऐंशी, खाट चार,
प्रकृती स्थिर,
पुढची तपासणी सहाला.

जी प्रत ठेवायची तिच्यात म्हातारा झोपला होता.
पुसायची तिचं म्हणणं खरं होतं.

"आमच्या आईच्या गावचा," हमूद म्हणाला.
"फलजच्या पाण्याच्या पाळ्या हाच लिहायचा.
आजोबा भांडायचे त्याच्याशी, अर्ध्या तासासाठी."
मग बराच वेळ नुसता पंख्यांचा आवाज.

निज्वा पुसलं.
बावीस मिनिटांत सगळं उतरलं.
मग त्या नऊ ओळी मी हातानं भरायला घेतल्या.
सातवीला टोपी काढून मांडीवर ठेवली,
का ते माहीत नाही.
दाबलं.
निज्वाहून "पोचलं" आलं, चार मिलिसेकंदांत,
कधी नव्हे ते मला फार लवकर वाटलं.

शुक्रवारी इब्रीला गेले.
डब्याच्या जाळीवर बोटभर धूळ, आत एक वाळलेली पाल.
रखवालदार दुर्रा मोहम्मदनं
रंगाचा जुना ब्रश दिला, काळा चहा दिला,
विचारलं, यात आहे काय?
काही नाही, म्हटलं. खरंच काही नाही.
आणि त्याचं मत त्याला परत दिलं.

अहवालात डेटाहानी शून्य.
खाली तयार करणार म्हणून माझी सही,
त्याखाली रुजवात घेणार: हमूद अल-रियामी.
साहेब विचारतात, हा रकाना
आपल्या नमुन्यात कुठून आला?
बाबांना अजून काही सांगितलेलं नाही.